उंटिणीचं दूध आणि इन्सुलिनची सुट्टी

"उंटिणीचं दूध प्या, इन्सुलिन सोडा!" परवा एका मित्राच्या आईला कुणीतरी हे पटवलं. च्यायला, हद्द झाली!

दूध वाईट नाहीच. त्यात क जीवनसत्त्व गाईच्या दुधापेक्षा जास्त. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नाही, म्हणून गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना ते चालतं. लॅक्टोज मात्र आहेच.

बिकानेरच्या प्रयोगात टाइप-१ च्या रुग्णांना इन्सुलिन कमी लागलं, हेही खरं. पण 2011 साली छापलेल्या त्या प्रयोगात रुग्ण होते फक्त 24, आणि इन्सुलिनचा डोस ठरत होता रक्त तपासून. दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे!

तेव्हा दूध खुशाल प्या, उकळून प्या. इन्सुलिनला हात लावायचा असेल तर आधी डॉक्टरला विचारा. रात्री दोनला साखर चढली तर दूधवाला फोन उचलणार नाहीये.