कास पठार ते घिबली म्युझियम: आधी बुकिंग, मगच प्रवेश असं का?

साताऱ्याचं कास पठार आणि जपानचं घिबली म्युझियम यांच्यात साम्य काय? दोन्हीकडे आधी बुकिंग करावं लागतं.

'स्पिरिटेड अवे' बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीचं हे म्युझियम टोकियोजवळच्या मिताका शहरात २००१ मध्ये सुरू झालं. तिथे दारावर तिकीट मिळत नाही. दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याची विक्री ऑनलाइन सुरू होते. वेळ जपानमध्ये सकाळी १०, म्हणजे आपल्याकडे सकाळी ६.३०. तिकिटावर घेणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे काळ्या बाजाराला आळा बसतो.

कासचं कारण वेगळं आहे. इथे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि फुलं त्यावरच येतात. ती तुडवली की संपली. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गर्दी आणखी वाढली. त्यातूनच दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंगची पद्धत आली.

मर्यादा हवीच. प्रश्न आहे तो जागा कोणाला मिळते याचा. पिंपरी पेंढारहून एखादं कुटुंब रविवारी गाडी करून थेट कासला गेलं आणि कोटा संपलेला असला, तर दिवसही वाया आणि डिझेलही. ज्यांना ऑनलाइन पैसे भरणं जमत नाही, त्यांच्यासाठी थोडा कोटा राखला तर फुलंही वाचतील आणि कुणी दारातून परतणार नाही.

तोवर सोपा नियम: आधी बुकिंग, मग गाडी.