गांवरस्त्यावरील मोरी कोणाची?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या माहितीच्या एका गांवीं मृगाच्या दुसऱ्याच पावसांत गांवरस्त्यावरील एक मोरी तुंबली. मोरी कांहीं मोठी नव्हे. दोन नळ व त्यांवर मुरूम, एवढेंच तिचें रूप. परंतु नळांत वर्षभराचा गाळ, पालापाचोळा व उसाचें पाचट साचलेलें असल्यामुळें ओढ्याचें पाणी रस्त्यापलीकडे जाईना. तें वरच्या अंगास फुगलें, आणि चार शेतकऱ्यांचें नुकतेंच उगवलेलें सोयाबीन तीन दिवस पाण्याखालीं राहून कुजलें. चौघांसही दुबार पेरणी करावी लागली. मोरी साफ करणें हें दोन माणसांचें एका दिवसाचें काम होतें. तें उन्हाळ्यांत झालें असतें, तर बियाणें, खत व पेरणीचा हंगाम हीं तिन्ही वांचलीं असतीं.

तें कां झालें नाहीं याची आम्ही चौकशी केली. ग्रामपंचायतीचें म्हणणें असें पडलें कीं, रस्ता जिल्हा परिषदेचा. त्यास हात लावण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, आणि लावला तरी खर्च कोणत्या सदराखालीं दाखवावा? जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागांत सांगण्यांत आलें कीं, मोरीतील गाळ काढण्यासारख्या किरकोळ कामास निराळी तरतूद नाहीं. तेवढें गांवानें करून घ्यावें. कागद पाहतां दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें. पाणी मात्र कागद पाहून थांबत नाहीं.

आम्हांस येथें कोणा एका संस्थेच्या माथीं दोष मारावयाचा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या कामास दोन धनी असतात आणि त्या दोघांमध्यें लेखी ठराव नसतो, तें काम बेवारशी होतें. आपल्या ग्रामीण भागांतील पुष्कळ कामांची आज हीच अवस्था आहे, आणि तिची झळ अधिकाऱ्यांस किंवा सभासदांस न लागतां प्रथम शेतकऱ्यास लागते.

स्थानिक कामांसाठीं पैसा देण्यांत शेतकरी कधीं मागें राहिला, असें इतिहास सांगत नाहीं. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड कायम झाला. त्याचे दोन हिस्से रस्त्यांकडे व एक हिस्सा शाळांकडे जात असे. पुढें १८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकल बोर्डें स्थापन झालीं, आणि १९२० सालीं ग्रामपंचायतींचा पहिला कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिति कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा कारभार पाहूं लागल्या. १९९३ सालीं ७३ वी घटनादुरुस्ती अंमलांत येऊन या संस्थांस घटनेचा आधार मिळाला. आज महाराष्ट्रांत ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या व सुमारें २८ हजार ग्रामपंचायती आहेत. संस्थांची उणीव नाहीं. उणीव आहे ती त्यांच्यामधील सांध्याची.

रस्त्यांचेंच उदाहरण घेऊं. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गांवठाणांतील गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. आणि शेताची वाट कोणी अडविली तर तिचा निकाल तहसीलदारांकडे, तोही १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणें किंवा १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें. उसानें भरलेला ट्रॅक्टर शेतांतून निघून कारखान्यावर पोंचेपर्यंत या सर्वांच्या अंमलांतून जातो. शेतकऱ्यास ती एकच वाट असते. तिचा जो तुकडा सर्वांत वाईट, तेवढ्याच वेगानें त्याचा माल बाजारीं जातो.

पिण्याच्या पाण्याचीही अवस्था याहून निराळी नाहीं. अनेक गांवांस मिळून असलेली नळयोजना बहुधा जिल्हा परिषद चालविते. गांवांतील टाकी, नळ व पाणीपट्टीची वसुली ग्रामपंचायतीकडे असते. २०१९ सालीं जल जीवन मिशन सुरू होऊन दर माणशीं दररोज ५५ लिटर पाण्याचें प्रमाण ठरलें, व पुष्कळ घरांत नळ आले. परंतु नळ बसविणें निराळें आणि त्यांतून पाणी चालू ठेवणें निराळें. पाणीपट्टी वसूल होत नाहीं म्हणून पंपाचें वीजबिल थकतें. बिल थकलें म्हणजे वीज तुटते. वीज तुटली म्हणजे पाणी बंद होतें. आणि पाणी येत नाहीं म्हणून लोक पाणीपट्टी भरीत नाहींत. हें रहाटगाडगें कोठें तरी अडविलें पाहिजे, पण पहिला हात कोणी घालावा हें ठरलेलें नाहीं.

आतां पैशाचा विचार करूं. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळांत, म्हणजे २०१५ ते २०२० या वर्षांत, त्या आयोगाचें अनुदान एकट्या ग्रामपंचायतींनाच मिळालें. पंधराव्या आयोगानें तिन्ही पायऱ्यांस वांटा दिला. त्यांत महाराष्ट्रांत ८० टक्के ग्रामपंचायतींकडे, व पंचायत समिति आणि जिल्हा परिषद यांच्याकडे प्रत्येकीं १० टक्के, अशी वांटणी झाली. २०२१ ते २०२६ या पांच वर्षांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांकरितां राखलेला होता. तेव्हां ग्रामपंचायतीकडे पैसा येतच नाहीं, असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. आणि जिल्हा परिषदेकडे मागेल तितका पैसा आहे, असेंही नाहीं. एकीजवळ कांहीं पैसा व जवळचीं माणसें आहेत, पण रस्ता तिचा नाहीं. दुसरीजवळ रस्ता व अभियंता आहे, पण प्रत्येक मोरीपर्यंत पोंचणारा माणूस नाहीं.

त्यांतच २०२२ पासून पुढें कांहीं वर्षें अनेक जिल्हा परिषदांचा कारभार निवडलेल्या सभासदांवांचून प्रशासकांच्या हातीं राहिला. सभासद होता तेव्हां निदान त्याच्या ओसरीवर जाऊन गाऱ्हाणें सांगतां येत असे. जो सांधा केवळ एका माणसाच्या ओळखीवर टिकतो, तो माणूस दूर होतांच निखळतो, हें त्या वर्षांनीं दाखवून दिलें.

ही अडचण आपल्याच वांट्यास आली आहे असेंही नाहीं. इंग्लंडांत काउंटी कौन्सिल म्हणजे स्थूलमानानें आपली जिल्हा परिषद, आणि पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायत. पहिली १८८८ च्या व दुसरी १८९४ च्या कायद्यानें अस्तित्वांत आली. १९२९ च्या कायद्यानें खेड्यापाड्यांतील रस्ते काउंटीकडे गेले. त्यामुळें मोठीं कामें एका हातीं आलीं, पण आडरस्त्याच्या कडेचा तुंबलेला चर काउंटीच्या कचेरींतून दिसेना. तेव्हां वुस्टरशायर, हॅम्पशायर यांसारख्या काउंट्यांनीं एक जुनी रीत पुन्हां उचलली. रस्त्याचा ठराविक टापू राखणाऱ्या माणसास तिकडे ‘लेंग्थ्समन’ म्हणतात. या कामासाठीं काउंटी पॅरिशांस पैसा देते, आणि पॅरिश आपल्या भागांतील माणूस कामास लावते. तो चर मोकळे करतो, कडेचें गवत कापतो, पाट्या पुसतो. डांबरीकरण, पूल व धोक्याचे खड्डे हें काम काउंटीकडेच राहतें. बर्फ पडतें तेव्हां तर अनेक काउंट्या शेतकऱ्यांशीं आगाऊ करार करून त्यांच्याच ट्रॅक्टरांनीं आडरस्ते मोकळे करून घेतात. एका कौन्सिलनें आपलें काम दुसरीमार्फत करून घ्यावें, अशी सोय तेथील १९७२ च्या कायद्यांतच आहे.

पण तेथील अनुभवाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळांत काउंट्यांचे हात आखडले. कांहीं ठिकाणीं काम गांवाकडे राहिलें आणि पैसा मात्र आटला. एकाच कामासाठीं काउंटीस व पॅरिशला असा दोनदां कर द्यावा लागतो, अशी तक्रार तेथील गांवकरी करीत आले आहेत. यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. काम खालीं देणें चांगलें, पण काम व पैसा हीं एकाच गाडीस जुंपलेलीं असलीं पाहिजेत.

आपल्याकडे यासाठीं नवी संस्था काढण्याची गरज नाहीं. लहान बांधकामें ग्रामपंचायतीमार्फत करून घेण्याची रीत जिल्हा परिषदांत आहेच. परंतु ती बहुधा नव्या कामांपुरती राहते. नव्या कामाचा नारळ फोडण्यास सर्व हजर असतात. झालेलें काम राखण्याचें श्रेय कोणाच्याच नांवावर पडत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक गांवापुरता जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांनीं दरसाल एक साधा लेखी करार करावा. त्यांत गांवच्या हद्दींतील प्रत्येक रस्ता, मोरी, चर, टाकी व नळवाट यांची यादी असावी, आणि प्रत्येकापुढें तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या: राखावयाचें कोणी, पैसा कोणाचा, व तपासावयाचें कोणी. गाळ काढणें, चर मोकळे करणें, झुडपें तोडणें व मुरूम पसरणें हें काम ग्रामपंचायतीनें करावें. त्यासाठीं रस्त्याच्या लांबीवर व मोऱ्यांच्या संख्येवर रक्कम ठरवून ती जिल्हा परिषदेनें अक्षय्य तृतीयेपूर्वीं द्यावी. कारण श्रावणांत आलेला पैसा मृगाच्या कामास उपयोगीं पडत नाहीं. नळ फुटला, भराव खचला किंवा पूल हलला, तर तें काम जिल्हा परिषदेचें. आणि एखाद्या वर्षीं रक्कम आली नाहीं, तर त्या वर्षीं कामाची जबाबदारीही जिल्हा परिषदेकडे परत जाईल, असें कलम करारांत स्पष्ट असावें.

ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, व १ मे रोजींच्या ग्रामसभेंत ती मोठ्यानें वाचावी. त्या दिवसापासून मृगास पांच आठवडे उरतात. तेवढ्यांत बहुतेक गांवांच्या मोऱ्या साफ होऊं शकतात. सभेनंतर शाखा अभियंता, सरपंच व ज्यांचीं शेतें ओढ्यालगत आहेत असे दोन-तीन शेतकरी यांनीं मिळून एकदां शिवारफेरी करावी. कोणत्या मोरीवर पाणी चढतें, हें नकाशाहून त्या शेतकऱ्यांस अधिक ठाऊक असतें.

यावर दोन आक्षेप येतील, हें आम्ही जाणून आहों. पहिला असा कीं, ग्रामपंचायतींत तट असतात, हिशेब नीट राहत नाहीं, व पैसा भलतीकडे जाईल. हें भय निराधार नाहीं. परंतु दूरच्या ठेकेदारानें न काढलेला गाळ कोणास दिसत नाहीं; गांवांतल्या माणसानें न काढलेला गाळ पहिल्या पावसांत सर्वांस दिसतो. जेथें काम डोळ्यांसमोर व रक्कम फलकावर आहे, तेथें लबाडीस जागा थोडी राहते. दुसरा आक्षेप जिल्हा परिषदेच्या बाजूनें येईल कीं, ग्रामपंचायतीस रस्त्याचें तांत्रिक ज्ञान नाहीं. खरें आहे, म्हणूनच तपासणी अभियंत्याकडे ठेवावी असें आम्ही म्हणतों. गाळ काढण्यास मात्र अभियंत्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आतां आपल्याच घराकडे पाहूं. गांवरस्त्याच्या कडेचा चर नांगरून दोन हात जमीन वाढविणारा आपल्यांतलाच असतो. मोरीच्या तोंडाशीं पाचट लोटणारा आपल्यांतलाच असतो. पाणीपट्टी थकविणारांतही सधन बागाईतदार आढळतात, हें आम्ही खेदानें लिहितों. वर सांगितलेल्या गांवीं ज्या चौघांचें पीक बुडालें, त्यांतील एकानें आम्हांजवळ कबूल केलें कीं, त्या मोरीतील पाचट निम्मेंअधिक त्याच्याच शेतांतलें होतें. हक्क मागणाऱ्यानें आपल्या बांधावरचा चर प्रथम मोकळा करावा, तरच त्याच्या शब्दास सभेंत वजन येतें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकजण ग्रामपंचायतींचे सभासद आहेत व कांहीं जिल्हा परिषदेंतही बसले आहेत. त्यांस आमची विनंति आहे कीं, येत्या १ मे रोजीं नव्या कामांची मागणी मांडण्यापूर्वीं जुन्या कामांची यादी मांडावी. ज्या गांवीं असा करार होऊन एक पावसाळा त्याप्रमाणें पार पडेल, तेथील हकीकत आम्हांस अवश्य कळवावी. करार कोठें अडला, कोणत्या कलमावर वाद पडला, व पैसा कोणत्या महिन्यांत हातीं आला, हें सविस्तर लिहावें. तें आम्ही या मासिकांत आनंदानें छापूं. कारण एका गांवानें अनुभवानें शिकलेली गोष्ट शेजारच्या गांवानें पीक बुडवून पुन्हां शिकावी, याची कांहीं गरज नाहीं.