मूग गिळून बसलेला कंपायलर



आजचा विषय पाहून काहीजण म्हणतील, आबांना आता हे काय सुचलं? मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, बीड जिल्ह्यातल्या शाळांमधून हयात घालवलेला, सत्तरी उलटलेला मास्तर कंपायलरवर काय लिहिणार? पण विषय वरून संगणकाचा दिसला तरी आतून शिकवण्याचाच आहे, म्हणून लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, घाईत असणाऱ्यांची सोय होईल. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी कंपायलरला "माझ्या चुका दाखव" असं सांगायला शिकवलं पाहिजे. तो आपणहून सगळं दाखवत नाही. आणि ज्या पोरांना घरी विचारायला कुणी नाही, त्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं.

ज्या आप्तेष्टांना कंपायलर म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाला वाचता येईल अशा भाषेत, समजा सी भाषेत, लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी नावाचा कंपायलर सर्वांसाठी मोफत खुला केला, तो आजही जगभर वापरला जातो. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची: आधी जीसीसी, मग आपल्या फाईलचं नाव, आणि सोबत हवे तेवढे ऑप्शन. ऑप्शन म्हणजे उणेचं चिन्ह आणि त्याला चिकटून एखादं इंग्रजी अक्षर किंवा शब्द. (इथे मी ते देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच इंग्रजी.) छोटा ओ लिहून पुढे नाव दिलं तर तयार प्रोग्रॅमला ते नाव मिळतं, नाही दिलं तर 'ए डॉट आऊट' हे ठरलेलं नाव. मोठा ओ लिहून २ आकडा जोडला तर प्रोग्रॅम जास्त वेगाने चालेल अशी मेहनत कंपायलर घेतो. छोटा जी लिहिला तर चूक हुडकायला लागणारी माहिती सोबत बांधून देतो. थोडक्यात, लग्नाच्या स्वयंपाकात आचाऱ्याला देतो तशा सूचना. सांगितलं तर होतं, नाही सांगितलं तर आचारी त्याच्या सवयीने करतो.

आता मूळ मुद्दा. माझ्या पुतण्याची मुलगी तालुक्याच्या एका कॉलेजात बीसीए करते. सुट्टीत घरी आली तेव्हा निकालाचा प्रोग्रॅम लिहीत बसली होती. गुण विचारायचे, ३५ असतील तर 'काठावर पास' छापायचं. मी म्हटलं, "काय करायलीस गं?" तर म्हणाली, "आबा, जर्नलमधला प्रोग्रॅम हाय. झाला बी. एक पण एरर नाही आला बघा." तिने ३५ टाकून दाखवलं, 'काठावर पास' आलं. जर्नलमध्येही तेवढंच होतं. मी म्हटलं, आता ८२ टाक. पुन्हा 'काठावर पास'. १२ टाकले. तरीही काठावर पास! पोरगी चक्रावली.

भानगड अशी होती. सी भाषेत 'बरोबर आहे का?' असं विचारायला बरोबरचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं. एकदाच लिहिलं की तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो. 'गुण ३५ आहेत का?' असं विचारायच्या ऐवजी 'गुण ३५ करून टाक' असं तिने लिहिलं होतं. आणि शून्य सोडून कुठलीही संख्या सी भाषेत 'खरं' धरली जाते. त्यामुळे हुशार असो की ढ, सगळ्यांना ३५ गुण आणि सगळे काठावर पास. एखाद्या शाळेचा निकाल असा लागला असता तर पालकांनी मास्तरांना गावात राहू दिलं नसतं!

कंपायलरने हे का सांगितलं नाही? कारण विचारलं नव्हतं. भाषेच्या नियमाने ती ओळ शुद्ध आहे, फक्त अर्थ भलताच आहे. मराठीच्या पेपरात नाही का, वाक्य व्याकरणाने चोख असतं आणि प्रश्नाचं उत्तर मात्र नसतं! मग तिच्याच ओळीत एक ऑप्शन जोडायला लावला. उणे, मोठा डब्ल्यू, आणि त्याला जोडून ऑल. मागच्या वेळी गप्प राहिलेला कंपायलर लगेच बोलला. ओळीचा क्रमांक देऊन म्हणाला, "सजेस्ट पॅरेन्थेसिस अराउंड असाइनमेंट यूज्ड अ‍ॅज ट्रूथ व्हॅल्यू". म्हणजे, बाई, इथे तू किंमत भरते आहेस आणि तिलाच खरंखोटं म्हणून वापरते आहेस. मुद्दाम करत असशील तर भोवती कंस घाल.

इथे एक गंमत आहे, आणि धोकाही. शब्दशः ऐकून नुसता जादा कंस घातला तर कंपायलर पुन्हा गप्प होतो, चूक मात्र जागच्या जागी. म्हणून सूचना मिळवणं ही अर्धी गोष्ट झाली, ती वाचून समजून घेणं ही उरलेली अर्धी. वहीत लाल शाईने खूण केली की काही मुलं तेवढा शब्द खोडरबराने पुसून टाकायची, त्यातलाच हा प्रकार.

कंपायलर असा मुखदुर्बळ का, याला इतिहास आहे. सी भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली, युनिक्सच्या घरात. त्या घराची रीत अशी की काम बिनबोभाट झालं असेल तर बोलायचंच नाही. खुसपटं काढण्यासाठी त्याच संस्थेतल्या स्टीफन जॉन्सन यांनी त्याच दशकात वेगळा प्रोग्रॅम केला, त्याचं नाव 'लिंट'. कपड्याला चिकटलेले तंतू म्हणजे लिंट. आपल्या कापसाच्या मुलखात जिनिंगमध्ये सरकी काढून उरते त्या रुईलाही इंग्रजीत लिंटच म्हणतात. म्हणजे भाषांतर करणारा एक आणि तंतू वेचणारा दुसरा. पुढे तंतू वेचायचं कामही कंपायलरकडे आलं, पण बरंचसं ऑप्शनच्या रूपात. मागाल तर मिळेल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, हा तर यंत्र.

त्यातही खाचाखोचा आहेत. 'ऑल' म्हणजे सगळं, असं आपण समजतो. पण त्यात सगळ्या सूचना येतच नाहीत! आणखी हव्या असतील तर 'एक्स्ट्रा' नावाचा वेगळा ऑप्शन द्यावा लागतो, आणि तोही दिल्यावर काही उरतातच. दुसरी खोच अक्षराची. मोठा डब्ल्यू कंपायलरला बोलतं करतो, तर नुसता छोटा डब्ल्यू दिला की त्याच्या सगळ्या सूचना बंद. एका शिफ्टच्या बटणाचा फरक!

कुणी म्हणेल, ही शिकाऊ पोरांची रडगाणी झाली. तसं नाही. २०१४च्या फेब्रुवारीत अ‍ॅपल कंपनीला आयफोनमधली एक मोठी चूक घाईघाईने दुरुस्त करावी लागली. इंटरनेटवर समोरचा खरा आहे की तोतया, हे तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ समास सोडून अशी लिहिलेली की वाटावं, ती वरच्या अटीच्या आतच आहे. प्रत्यक्षात ती अटीच्या बाहेर होती, त्यामुळे खरी तपासणी न होताच पुढे सोडलं जात होतं. २०१६ साली आलेल्या जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या समासाबद्दल सूचना देण्याची सोय झाली आणि ती 'ऑल'मध्येच घातली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीतल्या शहाण्यांनाही चुका दाखवणारा कुणीतरी लागतो, मग आमच्या पोरांनी कमीपणा का मानावा?

आपल्याकडे हे शिकण्याची सोय नाही असंही नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीसीसीच्या पोटात काय चालतं ते शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे पाठ मराठीतून ऐकायला मिळतात, तेही फुकट. त्यातल्या पहिल्या प्रोग्रॅमच्या पाठात छोट्या ओ चा ऑप्शन शिकवला आहे, आणि तो प्रोग्रॅम पडद्यावर काय छापतो माहीत आहे? 'टॉक टू अ टीचर'. शिक्षकाशी बोला! मला तर ते वाचून फारच बरं वाटलं.

पण कॉलेजांच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं वेगळंच चाललं. निळ्या पडद्याचा टर्बो सी. न्यायाने सांगायचं तर तो अशा चुकांबद्दल सूचना द्यायचा, चौकटीत वॉर्निंगचा आकडाही दाखवायचा. पण खाली 'सक्सेस, प्रेस एनी की' असं लुकलुकायचं. पोरं सक्सेस वाचून बटण दाबायची आणि आकडा तिथेच राहायचा. सरांचंही लक्ष जर्नल पूर्ण आहे का आणि आऊटपुट जुळतो का, एवढ्यावर. आता तर चॅटजीपीटीसारख्यांकडून आयता प्रोग्रॅम मिळतो. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तपासायला तर कंपायलर जास्तच बोलका हवा.

यावर आक्षेप येतो की नवशिकी मुलं इंग्रजी सूचनांची रांग पाहून घाबरतील. घाबरतील, चार दिवस. त्या सूचनांमधले नेहमी लागणारे शब्द फार नाहीत. असाइनमेंट, अनयूज्ड, अनइनिशियलाइज्ड, रिटर्न... असे विसेक शब्द मराठी अर्थासह लॅबच्या भिंतीवर लावले तर महिन्याभरात पाठ होतील. आमच्या मुलांनी याहून अवघड गोष्टी पाठ केल्या आहेत.

आणि मला खरी काळजी कुणाची वाटते ते सांगतो. पुण्यातल्या मुलाचा काका किंवा ताई सॉफ्टवेअरमध्ये असते, संध्याकाळी खांद्यावरून बघून सांगते, अरे इथे दोन बरोबर हवेत. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ज्याचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि जो आजीजवळ राहून शिकतो, त्याने रात्री दहाला कुणाला विचारायचं? त्याच्याजवळ जागा असलेला मास्तर एकच, तो कंपायलर. न कंटाळणारा, न रागावणारा, जात-गाव न विचारणारा. आणि त्याचं तोंड कसं उघडायचं हेच आपण त्या पोराला सांगत नाही! मग ते पोर 'एरर नाही' म्हणजे 'बरोबर आहे' असं समजून पदवी घेतं, आणि त्याची चूक त्याला पहिल्यांदा कळते ती इंटरव्ह्यूच्या खोलीत.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. जर्नलच्या पहिल्या पानावर कंपायलरची पूर्ण ओळ 'ऑल' आणि 'एक्स्ट्रा'सकट लिहून घ्या. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत दोन गुण एखादी सूचना स्वतःच्या शब्दांत, मराठीत समजावून सांगण्यासाठी ठेवा. मुलं सरावली की तिसरा ऑप्शन द्या, मोठा डब्ल्यू आणि जोडून 'एरर'. त्याने प्रत्येक सूचना चूकच धरली जाते आणि ती दूर केल्याशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नाही. यासाठी नवी इमारत नको, अनुदान नको, जीआर नको. एका ओळीत तीन शब्द वाढवायचे आहेत.

असो. मास्तरकीची सवय, बोलायला लागलो की तास संपल्याचं कळत नाही. आपल्यापैकी जे कॉलेजात शिकवतात त्यांनी उद्याच्या प्रॅक्टिकलला हे करून पाहावं, आणि पोरांच्या पडद्यावर काय काय निघालं ते मला जरूर कळवावं.