कानगोष्टींचा कारभार

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या शेजारी, हेरखात्याचा विषय कशाला, असे एखादी गृहिणी विचारील. विचारावेच. पण मी सांगणार आहे ती हकिगत आपल्या ठाण्यातून गेलेली आहे, आणि तिची किंमत साऱ्या देशाने मोजली आहे.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींच्या प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा तिथेच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना गाठून सांगितले, की मदनलालने कटाची गोष्ट आपल्यापाशी आधीच बोलून दाखवली होती. मोरारजींनी ती पोलीस उपायुक्त नगरवालांच्या कानी घातली. अहमदाबादेस जाऊन सरदार पटेलांच्याही कानी घातली. जैनांचे नाव मात्र नगरवालांना सांगितले नाही. खबर देणाऱ्याचे नाव राखावे, हे मान्य. पण ज्याने शोध घ्यायचा त्याच्यापासूनही?

तिकडे दिल्लीत मदनलालच्या जबानीत पुण्याच्या एका पत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. तो संपादक कोण, हे गुपित नव्हते. मुंबई सरकारच्याच वृत्तपत्रांच्या यादीत त्याचे नाव होते! यादी वेळेवर कोणी उघडली नाही. जबानी घेऊन पुण्याच्या गुप्त पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी राणा दिल्लीहून निघाले ते आगगाडीने, आणि तेही अलाहाबादच्या वाटेने. मुंबईस पोचले २७ तारखेला. मधल्या दिवसांत नथुराम गोडसे, आपटे आणि करकरे ठाण्यात भेटून पुढला बेत करीत होते. आणि त्याच २७ तारखेला गोडसे-आपटे विमानाने दिल्लीस गेले. मारेकरी विमानात, तपास आगगाडीत! ३० तारखेचे मी काय सांगावे?

माझा रोख मोरारजींच्या हेतूवर नाही. त्यांनी ऐकले ते वर कळवले. माझा रोख रीतीवर आहे. मंत्र्याने अधिकाऱ्याला वाटेल तेवढे सांगावे, अधिकाऱ्याने मंत्र्याला रुचेल तेवढे सांगावे, आणि दोघांना जाब विचारणारा तिसरा कोणी नसावा, ही ती रीत. जाब विचारायला न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग नेमला गेला १९६६ साली. अहवाल आला १९६९ त. एकवीस वर्षांनी!

पुढे १९६८ साली परदेशी हेरगिरीसाठी ‘रॉ’ निघाली. संसदेच्या कायद्याने नव्हे, सरकारी हुकुमाने. रामेश्वरनाथ काव हे तिचे पहिले प्रमुख, इंदिराबाईंच्या विश्वासातले. १९७७ साली तेच मोरारजी पंतप्रधान झाले. हे खाते आणीबाणीत इंदिराबाईंच्या पदरी राबले, असा संशय मनात घेऊनच ते आले. काव गेले, खात्याला कात्री लागली. एका राज्यात लाडके, दुसऱ्यात दोडके! कायदा करण्याची संधी जनता सरकारला होती. आणीबाणीतल्या तुरुंगातून आलेले आपले ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी त्याच लोकसभेत बसले होते. छळाची आठवण ताजी असतानाही कायदा काही झाला नाही.

कोणी म्हणतील, गुप्त ते गुप्तच राहू द्या, वाच्यता झाली की शत्रूचे फावते. हे पंडित अमेरिकेकडे पाहत नाहीत वाटते! तिथे निक्सनसाहेबांनी वॉटरगेटचा तपास थोपवायला सी. आय. ए. ला पुढे करू पाहिले. ध्वनिफीत बाहेर आली आणि १९७४ त अध्यक्षपद गेले. पाठोपाठ सिनेटने चर्च समिती नेमली, १९७६ पासून कायमची देखरेख बसवली. ब्रिटनने आपली खाती १९८९ आणि १९९४ साली कायद्यात आणली. तिथल्या हेरांचे काम त्याने बंद पडले काय?

आपल्याकडे ‘इंटेलिजन्स ब्युरो’ इंग्रजांच्या वेळेपासून चालत आला आहे. त्याला किंवा ‘रॉ’ला संसदेने केलेला स्वतःचा कायदा आजही नाही. मनीष तिवारी यांनी २०११ साली खासगी विधेयक आणले होते, ते मंजूर झाले नाही. १३ मार्च २००३ रोजी मुलुंडला कर्जत लोकलमध्ये स्फोट झाला. त्या मार्गाने ठाणे, डोंबिवली, कल्याणची माणसे रोज जातात. आम्हाला हेर नकोत असे नाही. उलट चांगले हवेत, आणि ते खुर्चीवरच्या माणसाचे नव्हे, देशाचे हवेत.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पुढारी शुभेच्छा द्यायला येतातच. तिळगुळाला अजून अवकाश आहे, तेव्हा गोड बोलण्याची सक्ती नाही. त्या विधेयकाचे पुढे काय झाले, एवढे विचारून पाहा.