तपासणीला कोण येतं, आणि कोण राहून जातं?

नेमावरला माझी आत्या राहते. नर्मदेचं नाभिस्थान म्हणतात ते हे गाव. चातुर्मास संपला की परिक्रमावासी येऊ लागतात. त्यात महाराष्ट्रातल्या बायका पुष्कळ, बऱ्याचशा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या. आत्या त्यांना चहा-पोहे देते. गेल्या वर्षी एका आजींनी पायाचे फोड दाखवले, सुजलेला गुडघा दाखवला. निघताना मात्र आत्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छातीत गाठ आहे गं. दुखत नाही, म्हणून बोलले नाही. पोरांना कशाला घोर?"

सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, तिथेच सगळं फसतं.

शिबिर लावलं की बायका येतील, असं आपण धरून चालतो. पण कोणत्या बायका येतात? बार्शीकडे, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1999 च्या सुमारास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी तपासणी झाली. बोलावलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के बायका आल्या. आकडा चांगलाच आहे. आलेल्यांमध्ये तिशीतल्या, शिकलेल्या, नवरा हयात असलेल्या, कुटुंबनियोजनाची साधनं वापरलेल्या बायकांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे दवाखान्याची पायरी जिला आधीच ठाऊक, ती आली. वयस्कर, निरक्षर, विधवा बाई जास्त करून घरी राहिली. तो आजार वेगळा, पण लाज आणि संकोच तेच.

आता मुंबईचं पाहा. टाटा रुग्णालयाने 1998 पासून तिथल्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली, मॅमोग्राफीचं यंत्र नाही. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. थोडक्यात, जिला सर्वांत जास्त उपयोग, तीच यायची राहते.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी कागदावर आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात गाठीचा प्रश्नसुद्धा आहे. पण उंबऱ्यात, सून आणि नातू समोर असताना, "छातीत गाठ आहे का?" याला कोणती आजी हो म्हणेल? 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत एकीचीही पुरती तपासणी झालेली नव्हती. पन्नाशीपुढच्यांना तर त्या पाहणीने विचारलंच नाही!

म्हणून मला वाटतं, आपल्या कॉलेजातल्या मुलींसाठी दरवर्षी होणारी जनजागृतीची व्याख्यानं थोडी कमी केली तरी चालतील. (पोस्टर स्पर्धाही.) त्याऐवजी प्रत्येकीने आपल्या आजीला, विधवा मावशीला हाताला धरून न्यावं. मुलांनीही. गाडी तुमच्याकडेच असते ना? आणि आत खोलीत बाईच तपासणार आहे, हे आधी सांगावं. नुसत्या तेवढ्यावरही कितीतरी जणी तयार होतील.

त्या आजी दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढे निघाल्या. आत्याने त्यांच्या मुलाचा नंबर मागून घेतला होता. तिने फोन केला.