सेन्सर मागवण्याआधी कपलर उघडा

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्या वाशीम जिल्ह्यात कुटाराची बारीक धूळ हवेतून हलत नाही. रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, कुठल्याही रस्त्याला लागा, पांदण ओलांडून आलेली गाडी ओळखू येते. हीच धूळ एअर फिल्टरमध्ये साचते आणि फिल्टर नीट बसलेला नसेल तर त्याच्याही पुढे जाते. मग पिकअप जातो, एव्हरेज पडतं, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि मालक गॅरेजमध्ये येतो. आपण स्कॅनर लावतो. कोडात एका सेन्सरचं नाव दिसतं, अकोल्याहून नवा सेन्सर मागवला जातो, गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा दिवा लागतो. घरात एकच गाडी, तीही सोयाबीनच्या पैशातून हप्ता फेडत घेतलेली. अशा माणसाच्या खिशातून हा न लागणारा खर्च जातो. या सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला. गाडी रस्त्यावर धावताना धूर किती सोडते, यावर तिची स्वतःची यंत्रणा आता जास्त बारकाईने नजर ठेवते. पूर्वी जी बारीक चूक कुणाला कळलीही नसती, ती आज दिवा लावते. म्हणून दिवा लागला की एखादा पार्ट गेलाच, असं धरून चालू नका. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, तसंच कपलर, वायर, अर्थिंग आणि ईसीएमची पिनही आहे. धान्य घरात आलं की उंदीरही येतात, आणि रात्री गरम बॉनेटखाली जाऊन वायरिंग कुरतडतात. अशा गाडीत नवा सेन्सर बसवून काय होणार?

म्हणून पहिलं काम म्हणजे सेन्सर नेमका कुठे आहे ते शोधणं. हे वाटतं तितकं सोपं नाही. क्रँक सेन्सर एका मॉडेलमध्ये पुढे पुलीजवळ असतो, दुसऱ्यात मागे फ्लायव्हीलच्या घरावर, स्टार्टरच्या शेजारी. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ नसतोच. तिथे इनटेक मॅनिफोल्डवर एमएपी असतो. डिझेल गाडीत एमएएफ एअर फिल्टरच्या डब्याला लागून सापडतो. ऑक्सिजन सेन्सर सहसा दोन असतात, एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. कोडात ‘बँक १, सेन्सर २’ दिसत असताना पहिलाच बदलला गेला, तर दोष तसाच राहतो.

जागा सापडली की सेन्सर बाहेर काढण्याची घाई नको. आधी कपलर काढून पिना पाहा. हिरवट थर, आत गेलेली पिन, फाटलेलं रबर सील, इंजिन धुताना प्रेशरने मारलेलं पाणी, यातलं काही ना काही बऱ्याचदा इथेच दिसतं. मग मल्टिमीटर. अनेक सेन्सरना ईसीएमकडून ५ व्होल्ट मिळतात. ते येतात का आणि अर्थ धड आहे का, हे तपासायला फार वेळ लागत नाही.

कूलंट तापमानाच्या सेन्सरची एक परीक्षा मला फार आवडते, कारण तिला खर्च शून्य. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी स्टार्टर मारण्याआधी स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. दोहोंत मोठा फरक असेल तर त्यातला एक सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते. आणि भर मे महिन्यात वाशीमला कूलंट उणे ४० अंश दाखवत असेल, तर सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे. बहुतेक वेळा कपलर निसटलेला असतो.

एमएएफच्या आतली तार किंवा फिल्म इतकी नाजूक असते, की तिला बोट, चिंधी, ब्रश काहीच लावायचं नाही. कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. कार्ब क्लीनर तर मुळीच नको. एमएएफसाठीचा वेगळा स्प्रे मिळतो, तो मारून पूर्ण सुकू द्या. एअर फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकून तोच पुन्हा बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. जोराच्या हवेने त्याचा कागद फाटतो आणि धूळ थेट सेन्सरवर जाते. मळणीच्या दिवसांत फिल्टर वेळेआधी बदला, तो सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

ऑक्सिजन सेन्सरबाबत एवढं लक्षात असू द्या: सेन्सरच्या आधी सायलेन्सरचं गास्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर इमानदारीने ‘मिश्रण पातळ आहे’ असं सांगतो. त्याचा दोष नाही. साधं सिलिकॉन सीलंट इंजिनला वापरलं तर त्याच्या वाफा या सेन्सरला कायमचं निकामी करतात. डब्यावर सेन्सरला सुरक्षित असल्याचं लिहिलेलंच घ्या. एबीएस असलेल्या गाडीचं व्हील बेअरिंग बदलताना चुंबकीय कड्याची बाजू सेन्सरकडेच आली पाहिजे. ते उलटं दाबून बसवलं, की दिवा लागतो आणि आळ सेन्सरवर येतो.

पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड लावून देणाऱ्यांनाही सांगायचं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. धडक कुठे आणि किती जोरात बसली, हे पुढच्या भागातले सेन्सर मोजतात, त्यावर एअरबॅग उघडते. गार्डमुळे तो हिशेब बिघडतो. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी हे काम घेऊ नका.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या गाड्या ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत तासन्‌तास धावू लागल्या. सिमेंटचा तापलेला रस्ता, त्यात कमी हवेचा टायर. ज्या गाडीत टायरच्या हवेचा सेन्सर आहे, त्यात तो बहुधा व्हॉल्व्हच्या मागे, रिमच्या आत बसलेला असतो. शेलू बाजार, कारंजा इथल्या पंक्चरवाल्या मित्रांनो, टायर उतरवताना यंत्राचा दाब व्हॉल्व्हपासून दूर द्या, एका झटक्यात सेन्सर तुटतो. आत ओतायचं पंक्चरचं सोल्यूशनही त्याचं भोक बुजवू शकतं. हवा मोजायची ती टायर थंड असताना. लांबून धावून आलेल्या गरम टायरची ‘जास्त’ हवा सोडू नका, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर उरतो.

पुढच्या अंकापासून दर महिन्याला एका कुटुंबगाडीचा सेन्सर नकाशा आम्ही छापणार आहोत: कुठला सेन्सर कुठे, कपलरच्या पिना किती, तिथे पोचायला काय काढावं लागतं. सुरुवात आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या गाड्यांपासून करू. तुमच्याकडे एखादा सेन्सर अडचणीच्या जागी सापडला, तर कपलर काढण्याआधी आणि काढल्यानंतर असे दोन फोटो मॉडेल, साल आणि आलेला कोड लिहून आमच्याकडे पाठवा. सेन्सर शेवटी बदलावा लागला की नुसत्या सफाईने काम झालं, हेही त्यात कळवा.