सोलर एवढं वाढलं, तरी कोळसा का सुटत नाही?

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेला एक आकडा बातम्यांत बराच फिरला. भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता सोलर, पवन, जलविद्युत आणि अणुऊर्जेची आहे. पॅरिस करारात आपण यासाठी 2030 ची मुदत घेतली होती, म्हणजे पाच वर्षं आधीच हे काम झालं.

आकडा खरा आहे. पण देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली 70 टक्क्यांच्या आसपास वीज अजूनही कोळशाचीच आहे, आणि हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? हे कळलं की 'जग खनिज इंधनाशिवाय चालेल का' या मोठ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती येतं.

'अप टू'चं गणित

ब्रॉडबँडच्या जाहिरातीत 'अप टू 100 एमबीपीएस' लिहिलेलं असतं ना? वीजक्षमता तशीच असते. 100 मेगावॉटचा सोलर प्रकल्प भर दुपारी पूर्ण क्षमतेच्या जवळ जातो, रात्री मात्र शून्यावर येतो. वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या 20-25 टक्केच वीज हाती येते. कोळशाचे प्रकल्प सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास चालतात.

खरी अडचण वेळेची आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत असतं की सिस्टीमचा कस सरासरी ट्रॅफिकवर नाही, पीकवर लागतो. ग्रिडचं काम आणखी कठीण, कारण तिथे बफरिंगचं गोल फिरवत ग्राहकाला थांबवता येत नाही. मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळावाच लागतो. 30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॉटवर गेली, तेव्हा दुपार होती आणि सोलर मदतीला होतं. सूर्य मावळल्यावर मात्र पंखे, एसी, दिवे सगळं चालू असतं आणि सोलर नसतं. ती पोकळी आज मुख्यतः कोळसा भरतो.

यावर उपाय आहेत का?

आहेत, आणि ते झपाट्याने स्वस्त होतायत. भारतात 2010 च्या सुमारास सोलर विजेचा दर युनिटला 10 रुपयांच्या वर होता, आता नव्या प्रकल्पांचा अडीच रुपयांच्या आसपास आहे. लिथियम बॅटरीची किंमत 2010 पासून जवळपास 90 टक्क्यांनी घसरली आहे. तुमच्या फोनमुळे आणि इलेक्ट्रिक गाड्यांमुळे जे कारखाने उभे राहिले, त्यांचाच फायदा आता ग्रिडला मिळतोय.

बॅटरी नको असेल तर पाणी आहे. आपल्याकडे घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. जास्तीची वीज असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. सह्याद्रीचा कडा म्हणजे तयार पॉवर बँकच.

तिसरा उपाय म्हणजे मागणीच दुपारकडे सरकवणं. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री साप आणि बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जावं लागतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत फीडरजवळ सोलर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची, ही कल्पना आहे. यात शेतकऱ्याची झोप वाचते आणि रात्रीचा कोळसाही. घरगुती ग्राहकांसाठी केंद्राने 2023 मध्ये वेळेनुसार दराचे नियम आणले, ज्यात उन्हाच्या तासांची वीज स्वस्त ठरते.

पण तारा कमी पडल्या तर हे सगळं अडतं. 2025 मध्ये राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या असल्याने काही सोलर प्रकल्पांना भर उन्हात निर्मिती कमी करावी लागली.

वीज झाली, बाकीचं काय?

ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 ला शेवटचा कोळसा वीज प्रकल्प बंद केला. 1882 पासूनचा 142 वर्षांचा हिशोब संपला. म्हणजे वीज कोळशाविना चालू शकते. मात्र तिथेही गॅस अजून आहेच.

आणि जग जेवढी ऊर्जा शेवटी वापरतं, त्यात विजेचा वाटा फक्त पाचवा हिस्सा आहे. पोलादाच्या भट्टीत कोळशापासून बनलेला कोक उष्णता तर देतोच, शिवाय लोहखनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो. सिमेंटसाठी चुनखडी तापवली की इंधन कुठलंही असो, दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अलिबागजवळ थळला तयार होणारा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. इथे छतावर पॅनल लावून भागत नाही. पोलाद आणि खतासाठी ग्रीन हायड्रोजनचा पर्याय आहे, पण तो आज महाग आहे.

बिल कोण भरणार?

माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि तो इंजिनिअरिंगचा नाही. भारतीय रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळपास निम्मं वजन कोळशाचं असतं, आणि मालवाहतुकीच्या कमाईवरच आपलं स्वस्त तिकीट टिकून आहे. पेट्रोल-डिझेलच्या करांवर राज्यांची तिजोरी चालते. चंद्रपूर, वणी भागात खाण, ट्रक, गॅरेज, चहाची टपरी सगळं कोळशाभोवती फिरतं. सोलर पार्क उभारताना खूप माणसं लागतात, चालवताना मोजकीच. तिथल्या विशीतल्या मुलाला 'भविष्य ग्रीन आहे' सांगून उपयोग नाही, त्याला पुढचा पगार कुठून येणार ते सांगावं लागेल.

म्हणून माझं उत्तर असं: विजेपुरता कोळसा सुटू शकतो, आणि तो आपल्या हयातीत बराच सुटेल असं मला वाटतं. पोलाद, सिमेंट, खतांना जास्त वेळ लागेल. भारताने नेट झिरोसाठी 2070 साल धरलंय, त्यामागे हीच कारणं आहेत.

पुढच्या वेळी 'विक्रमी सोलर क्षमता' अशी हेडलाइन दिसली, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. आकडा क्षमतेचा आहे की प्रत्यक्ष निर्मितीचा? संध्याकाळी सातनंतर साठवलेली वीज किती मिळणार? आणि जिथली खाण किंवा प्रकल्प बंद होणार, तिथल्या लोकांसाठी बजेटमध्ये काय आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत सहसा नसतं. ते आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवं.